कानात सांगितलेली गोष्ट

कुंभकोणम्‌च्या महामहम् तलावाजवळ एका स्नेह्याच्या घरी आम्ही चार मराठी कुटुंबे जमलो होतो. पाहावयाचा होता ‘कंटेजन’, स्टीव्हन सोडरबर्ग यांचा २०११ सालचा चित्रपट. त्यातील साथ काल्पनिक आहे. पण वाद पेटला तो साथीवरून नव्हे, एका दूरध्वनीवरून.

डॉ. एलिस चीव्हर हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील वरिष्ठ अधिकारी. शिकागो शहर बंद होणार हे त्यास अगोदर कळते, आणि तो आपल्या वाग्दत्त वधूस सांगतो : नीघ, कोणास बोलू नकोस. ती अर्थातच एका मैत्रिणीस सांगते. इकडे त्याचे बोलणे कचेरीतील सफाई कामगार रॉजर याच्या कानी पडते. त्यालाही मुलगा आहे. पुढे लस निघते, जन्मतारखांची सोडत काढून ती वाटली जाते, तेव्हा चीव्हर आपल्या वाट्याची मात्रा रॉजरच्या मुलास देतो.

मंडळींनी त्यास क्षमा करून टाकली. आम्ही मात्र गप्प होतो.

२४ मार्च २०२० च्या सायंकाळी सहापासून तमिळनाडूत जमावबंदी लागू होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद होणार, ही घोषणा २३ तारखेस झाली. तिची कुणकुण आम्हांस काही तास आधी एका वरिष्ठांच्या बोलण्यातून लागली होती. आमची मुलगी नोकरीनिमित्त कोइमतूरच्या वसतिगृहात राहत होती. तिला आम्ही चीव्हरचेच शब्द सांगितले. ती रात्री घरी पोहोचली. तिच्या खोलीतील नागरकोविलची मुलगी दुसऱ्या दिवशी गर्दीत बस मिळेना म्हणून परतली, आणि दोन महिने तेथेच अडकली.

कोणता बाप असे करणार नाही, हे उत्तर आम्ही स्वतःस पुष्कळदा दिले आहे. परंतु ती बातमी आमच्या कानी बाप म्हणून आली नव्हती. खुर्चीमुळे आली होती. आधी बोभाटा झाला तर बसस्थानकांवर झुंबड उडेल, म्हणून मौन पाळावयाचे असते. त्या मौनामुळे जे आसन रिकामे राहिले, त्यावर आमची मुलगी बसून आली. यात चोरी कोणती, असे कोणी विचारील. आमच्याने उत्तर देववत नाही, पण प्रश्न सुटत नाही.

याच्या उलट टोकाचा अधिकारी पुण्याने १८९७ त पाहिला. प्लेगच्या वेळी रँडच्या सोल्जरांनी घरोघर घुसून झडत्या घेतल्या. रँडचे त्या गल्ल्यांत आपले असे कोणी नव्हते. देवघरात बूट गेल्याचे दुःख त्यास कोण सांगणार? २२ जूनच्या रात्री चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. त्यांना आपला कोण आणि परका कोण, असा हिशेब करावा लागला नसावा. आम्हां बदलीवरच्या माणसांना तो रोज करावा लागतो. येथली भाषा बोलावयास शिकलो, तरी संकट येताच आमची मोजणी घरापासून सुरू होते आणि बहुधा घरापाशीच संपते.

चीव्हरजवळ परत द्यावयास लसीची एक मात्रा तरी होती. नागरकोविलची ती मुलगी दर पोंगलला आमच्याकडे येते, पाया पडते, आणि आमच्या मुलीस त्या दिवशी अगदी नेमकी बस कशी मिळाली याचे हसत हसत नवल करते. आमची मुलगी तेव्हा आमच्याकडे पाहत नाही.