भूगर्भांतील ठेव

लकडगंजांतून जातांना आरामशिनींचा आवाज कानीं पडतो व सागाच्या ताज्या भुशाचा वास येतो. येथील फळी म्हणजे झाडानें हवेंतून वेचलेला कर्बच होय. तो कांहीं पिढ्या दारांत, पलंगांत टिकतो. उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथें मात्र कोट्यवधि वर्षें पुरलेला कर्ब कोळशाच्या रूपानें रोज जळतो. त्यापासून निघणारा कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पकडून पुन्हां पुरावा असें शास्त्रज्ञ सुचवितात, व जागा म्हणून खाऱ्या पाण्यानें भरलेले सच्छिद्र खडक सांगतात. वाचकांस अकोल्याकडील खारपाणपट्टा आठवेल. पण तें पाणी विहिरीच्या पोहऱ्यास लागतें. येथें सुमारें 800 मीटरांहून अधिक खोली हवी, जेथें दाबानें वायु दाट होतो. आणि वर अभेद्य थराचें झांकण हवें.

मुंबईच्या आयआयटींतील संशोधकांनीं 2021 सालीं भारतांतील अशा थरांची सैद्धान्तिक क्षमता 291 अब्ज टन मांडली. आंकडा मोठा खरा; पण क्षमता म्हणजे हातीं आलेली जागा नव्हे. पश्चिम विदर्भावर बेसाल्टचें जाड पांघरूण आहे. ध्वनिलहरी त्यांत विखुरतात व खालचें चित्र धूसर राहतें. नकाशा जितका धूसर, तितक्या चांचणीच्या विहिरी अधिक, व खर्चही अधिक. नॉर्वेनें 1996 पासून स्लाइप्नर येथें समुद्रतळाखालच्या खाऱ्या वालुकाश्मांत हा वायु पुरला, तो 1991 च्या कर्बकरामुळें हवेंत सोडणें महाग झालें म्हणून, धर्मबुद्धीनें नव्हे. आम्ही त्यांस दोष देत नाहीं.

आम्हांस खुपतो तो खर्चाचा शेवटचा रकाना: राखणीचा. नळ व पंप आजचे. गळतीवरील पाळत पुढच्या पिढ्यांची. शेंकडा पांचच्या चक्रवाढीनें शंभर वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत सुमारें 76 पैसे भरते. गणित बिनचूक आहे. ते 76 पैसे आज खरोखर बाजूस काढून, शंभर वर्षें कोणी हात न लावतां वाढविले, तर त्या वेळच्या पहारेकऱ्यास त्याचे शंभर मिळतील. पण अंदाजपत्रकांत रक्कम लिहिणें निराळें आणि ती काढून ठेवणें निराळें. आणि तो पहारेकरी आज तक्रार करावयास हजर नाहीं. अर्थात् वायु मोकळा सोडतांना तरी त्याची संमति कोणीं घेतली आहे?

म्हणून पुरण्यास आमचा विरोध नाहीं. मात्र राखणीचा पैसा विजेच्या बिलांतूनच, पहिल्या दिवसापासून, वेगळा काढावा; ज्या दिव्याखालीं बसून आम्ही हें लिहीत आहों, त्याच्या बिलांतूनही. बिल वाढेल. किती, तें नकाशा पुरा झाल्यावांचून सांगतां येणार नाहीं.