तुझ्या लॅपटॉपवर काय चालतं?

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीच्या कर्नलमध्ये तुझा पहिला बदल स्वीकारला गेला, हे वाचून मन भरून आलं. पण त्याच पत्रात तू सहज लिहिलंस की, रोजचं काम मात्र मॅकवरच करतेस, कारण ‘सगळेच तसं करतात’. त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

सगळे नाही, पण बरेच जण करतात हे खरं. त्याला कारणही आहे. १९९३ पासून ही प्रणाली वाढली ती मुख्यतः सर्व्हरवर. नेटफ्लिक्सचे चित्रपट ज्या यंत्रांतून घरोघरी जातात, ती तिच्यावरच चालतात. सर्व्हरला मिटायचं झाकण नसतं, वायफायही शोधावं लागत नाही. मॅकवरून एसएसएचने दुरूनच त्यात शिरलं की काम सुरू. त्यामुळे तिचं नेटवर्किंग अव्वल झालं आणि लॅपटॉपवरचं वायफाय वर्षानुवर्षं मागे राहिलं. ती घडवणारी माणसं हुशारच होती, पण ती अडचण त्यांना रोज बोचत नव्हती. अखेर २०२४ मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनला लॅपटॉपसाठी वेगळी मोहीम हाती घ्यावी लागली.

आता ओपनबीएसडी ही दुसरी प्रणाली बघ. ती घडवणारी माणसं कितीतरी कमी, पण आपल्या लॅपटॉपवर ती तीच प्रणाली चालवतात. झाकण उघडल्यावर यंत्र जागं झालं नाही, तर त्यांचंच काम अडतं. मग दुरुस्तीला कुणाच्या तक्रारीची वाट बघावी लागत नाही.

या दोन्हींचं मूळ असलेल्या युनिक्सचा जन्मही असाच आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आधी जीई-६३५ या मोठ्या संगणकावर प्रोग्रॅम तयार करायचे आणि कागदी फिती उचलून पीडीपी-७ कडे न्यायचे. एडिटर, असेंब्लर आणि छोटंसं शेल उभं राहिल्याबरोबर फिती थांबल्या; युनिक्स युनिक्सवरच लिहिलं जाऊ लागलं. मला ही त्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना वाटते. पुढे मायक्रोसॉफ्टमध्येही डेव्ह कटलर यांनी विंडोज एनटी ही प्रणाली अर्धवट असतानाच आपल्या टीमला तिच्यावर काम करायला लावलं. ती कोसळली की सगळ्यांचेच हात थांबायचे.

तू म्हणशील, चाचण्या आहेत की! आहेत, आणि हव्यातच. पण चाचणी तुला जे सुचलं तेवढंच तपासते. ‘डोंगरदऱ्या’ लिहिताना अर्धा र नीट उमटतो का, हे पाहायचं मराठी न वाचणाऱ्याला सुचणार कसं? तू आईला पत्र लिहायला बसलीस की पहिल्याच ओळीत दिसेल.

प्रोग्रॅमर म्हणजे सामान्य वापरणारा नव्हे, हेही मला मान्य आहे. तुला सोपं वाटेल ते शाळेतल्या बाईंना जमेलच असं नाही. त्यासाठी त्यांच्याच शेजारी बसावं लागेल. पण स्वतः न वापरता तिथे जाऊन बसलीस, तर त्या कुठे अडल्या ते तुला ओळखता येणार नाही.

तेव्हा असं कर. ऑफिसचं यंत्र ऑफिसच्या नियमाने राहू दे. स्वतःसाठी एक जुना लॅपटॉप घे आणि त्यावर फ्रीबीएसडी चढव. त्याची वायफायची चिप चालते ना, तेवढं आधी फ्रीबीएसडीच्या हार्डवेअरच्या यादीत बघून घे. मेल, बँक, आईशी व्हिडिओ कॉल, सगळं त्याच्यावर कर. जे अडेल ते वहीत लिही आणि दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
मोठा काका