व्रत माझं, भूक पाहुण्याची

आजचं वाचन : कठोपनिषद, पहिली वल्ली.

नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. यमाने परतल्यावर त्याला नमस्कार केला आणि रात्रीगणिक एक, असे तीन वर दिले.

आमच्या चिचगडच्या घरी कांदेनवमीला कांदा-लसूण संपतो, चातुर्मासासाठी स्वयंपाकघर धुऊन तयार होतं. दशमीच्या रात्री रोवणी करून थकलेले पाहुणे मुक्कामाला आले तर? कांदा आणायची गरज नाही. गरम वरण-भात पोटभर वाढावा. खरा प्रश्न सकाळचा. एकादशीला आमच्याकडे भात शिजत नाही. पण पाहुण्यात लेकरू असेल, शुगरचा पेशंट असेल, तर मी म्हणेन, भात शिजवा, भांडी पुन्हा घासा. नियम मी घेतलाय. त्याची झळ पाहुण्याच्या पोटाला कशाला?

यमालाही अतिथीपुढे वाकावं लागलं. आपण कोण?