लाकूड समुद्रावरून, पाणी दारातून

कल्याण सुटल्यावर कसारा लोकलचं पहिलं स्टेशन शहाड. इथल्या सेंच्युरी रेयॉनमध्ये 1956 पासून रेयॉनचा धागा निघतो. हा धागा मुळात लाकडाचा. लाकडाचा लगदा बराचसा परदेशातून जहाजाने येतो आणि तयार धागा सुरतेसारख्या विणकरांच्या गावी जातो. म्हणजे कच्चा माल इथला नाही, मोठं गिऱ्हाईकही इथलं नाही. मग कारखाना शहाडला का?

आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1909 मध्ये कारखान्यांच्या जागांचा हिशेब मांडला. ज्या मालाचं वजन प्रक्रियेत घटतं, त्याच्या जवळ कारखाना असावा. साखरेचं उदाहरण आपल्याला चांगलं कळेल. शंभर किलो ऊस गाळला की साखर मिळते दहा-अकरा किलो, शिवाय तोडलेल्या उसाचा उतारा तासातासाला घसरतो. म्हणून साखर कारखाना उसाच्या शिवारातच लागतो.

रेयॉनचं तसं नाही. किलोभर लगद्यातून जवळपास किलोभरच धागा निघतो. लगदा न्या की धागा न्या, भाड्यात फारसा फरक नाही. पण लगद्याचा पत्रा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडशी त्याचा संयोग घडवायचा, मधासारखा दाट झालेला द्राव बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडायचा आणि तिथे तयार झालेला धागा पुन्हापुन्हा धुवायचा. किलोभर धाग्यामागे शेकडो लिटर पाणी जातं. हे पाणी धाग्याबरोबर बाहेर जात नाही, पण त्याच्यावाचून धागा होत नाही. जागा ठरवताना वजन त्याचंच पडतं, असं मला वाटतं. दुसरी एक कंपनी, नॅशनल रेयॉन, शहाडजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीच्याच आधाराने आंबिवलीजवळ मोहोन्याला उभी राहिली, हा योगायोग वाटत नाही. (तो कारखाना 2009 पासून बंद आहे.)

दुसरी न हलणारी गोष्ट म्हणजे रसायनं. कार्बन डायसल्फाइड 46 अंशांनाच उकळतं आणि चटकन पेट घेतं. ते पाण्याहून जड असून पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून साठवताना त्यावर पाण्याचा थर ठेवतात. असला माल शेकडो किलोमीटर रस्त्याने आणण्यापेक्षा आवारातच बनवलेला बरा. सेंच्युरी रेयॉनने कॉस्टिक सोडा, सल्फ्युरिक आम्ल आणि कार्बन डायसल्फाइड तिन्ही आवारातच बनवले. भाडं वाचलं, रस्त्यावरचा धोका घटला. मात्र उरलेला धोका एका आवारात, दाट वस्तीला लागून साठला. 23 सप्टेंबर 2023 रोजी याच आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले. वेबरच्या गणितात वाहतुकीचा आणि मजुरीचा खर्च आहे, या जिवांसाठी रकाना नाही. पुरवठ्याचं जाळं आखणाऱ्याने तो स्वतः घालायला हवा.

पाण्याचा रकानाही आता नव्याने भरावा लागेल. बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हासमधून खाली येतं. शहाडलाच ते उचलून टेमघरला शुद्ध होतं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत पोहोचतं. 1956 मध्ये नदीवर एवढी शहरं अवलंबून नव्हती. आज कुणी असा कारखाना कागदावर मांडला, तर त्याला वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा खर्च पहिल्याच पानावर धरावा लागेल, आणि लगद्याच्या जहाजभाड्याचा विचार त्यानंतर.