माथ्याच्या थोडं अलीकडे

पौषात मोबाइल उघडला की बर्फच बर्फ दिसतो. कुणी सांकरी गावातून केदारकंठ्याला निघालेलं असतं, कुणी बुटांना लोखंडी दाते बांधून पांढऱ्या धारेवर उभं असतं. साडेबारा हजार फुटांवरचा तो माथा आता गोंदिया, तिरोडा, आमगावच्या मुलामुलींनाही परका राहिलेला नाही. पैसे साठवून, दोन दिवसांचा प्रवास करून ही मुलं जातात आणि परत येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात वेगळाच ताजेपणा असतो. या हौसेचं मला कौतुक आहे. थंडीच्या दिवसांत डोंगराच्या धारेवर दिवसभर पायी चालणं, दोन्ही बाजूंनी उतरत गेलेली जमीन पाहणं आणि अंधाराच्या आत खाली येणं, यातून माणसाला जे मिळतं ते घरात बसून मिळत नाही.

बर्फ आपल्याकडे पडत नाही, पण धारा आहेत. सालेकसा तालुक्यात दरेकसा आणि कचारगडचे डोंगर आहेत. कितीतरी वर्षं नक्षल चळवळीच्या सावटामुळे हौशी चालणाऱ्यांची पावलं तिकडे वळत नव्हती. आता वळू लागली आहेत. आणि या डोंगरांत चालायचं तर हिवाळाच. पावसाळा सरल्यावर गवत माणसाच्या उंचीचं असतं. मार्चपासून मोहफुलांचा हंगाम आणि वणव्याचे दिवस, पुढे पारा पंचेचाळिसाकडे. मार्गशीर्ष ते माघ एवढाच काळ खरा चालण्याचा. सकाळी दव इतकं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो आणि दहाच्या सुमाराला ऊन हवंहवंसं वाटतं. वर पोचलं की खाली धान कापून मोकळी झालेली बांधी, धुऱ्यांच्या वेड्यावाकड्या चौकटी, मधूनच लाखोरीची निळी फुलं, बोड्यांचं आणि तलावांचं चमकणारं पाणी. मुंबई–हावडा मार्गाची गाडी दरेकशाच्या वळणांतून बोगद्याकडे जाताना वरून खेळण्यातली वाटते. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. तीन राज्यांची हद्द इथे जवळ आलेली आहे आणि झाडांना त्याचा पत्ता नाही.

असा देखावा समोर उलगडला की मनात एक भावना सहज उगवते. हे सगळं आपल्यासाठी मांडलेलं आहे, असं वाटतं. आपण चढलो, दमलो, म्हणून हे आपलं. आजचा विषय हीच भावना आहे, कारण ती दिसायला निरागस असली तरी तिच्या पोटात मालकी दडलेली असते.

कचारगड ज्यांचा आहे त्यांची गोष्ट पाहा. गोंडी परंपरेत सांगतात की काली कंकाली मातेची तेहतीस मुलं शंभूशेकनं इथल्या गुहेत कोंडली आणि तोंडावर प्रचंड शिळा बसवली. जंगो रायताडनं त्या मुलांना माया दिली होती. पारी कुपार लिंगोनं त्यांच्या सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाच्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा हलली, मुलं बाहेर पडली. आणि तो वादक त्या शिळेखाली सापडून गेला. ती मुलं लिंगोचे शिष्य झाली आणि त्यांच्यापासून गोंडांची सगा-व्यवस्था, म्हणजे कुळांची रचना, उभी राहिली. एका समाजाचं उगमस्थान, आणि त्याच्या उंबरठ्यावर एका कलावंताचं बलिदान. जगातल्या कुठल्याही तीर्थाच्या कथेशेजारी ही कथा ठेवावी, ती उणी पडणार नाही. आपल्या शाळांतून ती सांगितली जात नाही याचं मला दुःख आहे.

1980च्या दशकात गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या काही सोबत्यांनी मोजक्या माणसांनिशी इथली यात्रा पुन्हा जागती केली. आज माघी पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा कितीतरी राज्यांतून माणसं येतात. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडे, भेटेल त्याला ‘जय सेवा’. धनेगावातून गुहेकडे चढणाऱ्या त्या रांगेत म्हाताऱ्या आया असतात, कडेवर लेकरं असतात. ही माणसंही डोंगरच चढत असतात, त्याच हिवाळ्यात, त्याच वाटेनं. खाली काय दिसतं हे पाहायला मात्र त्यांतलं कुणी आलेलं नसतं.

आता या दोन चालण्यांचं एकमेकांशी नातं काय? पुष्कळांचं उत्तर सोपं असतं: डोंगर सगळ्यांचा, मनाई कुठे आहे? खरंच मनाई नाही. गोंड बांधव आलेल्याला हाकलत नाहीत, उलट जेवायला बसवतात. पण मनाई नसली की प्रश्न संपला, असं मला वाटत नाही. मनाई असते तिथे माणूस नियम पाळतो. ती नसते तिथेच तो स्वतः काय आहे हे कळतं.

1955च्या मे महिन्यात चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालची ब्रिटिश तुकडी कांचनजुंगावर होती. हे शिखर सिक्कीमच्या लोकांसाठी देवता आहे. माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द तुकडीनं सिक्कीमच्या चोग्याल राजांना दिला होता. 25 मे रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड वर पोचले. साडेआठ हजार मीटरच्या वर, त्याआधी कुणीच न पोचलेल्या जागी, माथा अगदी काही फुटांवर. ते तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीथर आले, तेही थांबले. पाहायला कुणी नव्हतं. वर जाऊन उतरले असते तरी राजाला कळलं नसतं. इतिहासानं त्यांना त्या शिखराचे पहिले चढणारे म्हणूनच मानलं आणि पुढच्या कितीतरी गिर्यारोहकांनी तो शब्द आपलाही मानला.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या लाल खडकाची हकिकत याच्या उलट आहे. अनांगू लोकांसाठी तो पवित्र. 1985 साली त्यांना तो परत मिळाला, पण चढण्यावर बंदी आली नाही. कृपया चढू नका, अशी विनंती करणारी पाटी पायथ्याशी वर्षानुवर्षं होती आणि लोक तिच्या शेजारून चढत राहिले. शेवटी 26 ऑक्टोबर 2019 पासून बंदी लागू झाली. तिच्या आधीच्या दिवसांत तिथे रांगा लागल्या. उद्या मिळणार नाही म्हणून आज पाय ठेवून घ्यायचा, एवढंच कारण. विनंती ऐकू येते आणि बंदीच तेवढी कळते, हा स्वभाव फक्त तिथल्या पर्यटकांचा नाही.

गेल्या थंडीत दरेकशाच्या बाजूला आम्ही काही जण चालत होतो. वाट एका जुन्या येनाच्या झाडाजवळून जात होती. बुंध्याशी दगड मांडलेले, एक विटलेलं निशाण. येनाचं झाड, ज्याला पलीकडे साजा म्हणतात, गोंडांच्या बडादेवाचं ठाणं. त्याच्या मागेच एक सपाट खडक होता आणि तिथून सगळा मुलूख दिसणार हे उघड होतं. आमच्यातला एक मुलगा कॅमेरा काढून पुढे सरकला. तेवढ्यात मोळी घेऊन येणारे एक म्हातारे बाबाजी थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, “बापू, इकडूनच पाहा ना जी. तिकडं पेन हाये.” पेन म्हणजे देव. मुलानं विचारलं, “बाबाजी, चप्पल काढून गेलो तर चालेल का?” ते थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चालते. पण कायले जायचं?”

आम्ही अलीकडेच बसलो, भाकऱ्या सोडल्या, बाबाजींनाही बसवलं. झाडाच्या फांद्यांमधून अर्धाच देखावा दिसत होता. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आमच्यातल्या कुणाजवळ नव्हतं आणि मला अजून सापडलेलं नाही. संपूर्ण दिसलंच पाहिजे, सर्वांत उंच जागी उभं राहिलंच पाहिजे, हा आग्रह कुठून येतो? दिसण्यातला आनंद खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण अर्ध्या देखाव्यानं त्या दिवसात काही कमी पडलं, असं आमच्यातलं कुणी म्हणालं नाही. तो कॅमेरावाला मुलगा तासभर बाबाजींना झाडांची नावं विचारत बसला होता.

कुणी म्हणेल, अशानं पाय ठेवायला डोंगरच उरणार नाही. प्रत्येक टेकडीवर कुणाचा ना कुणाचा देव आहे. आहेच. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि त्याच डोंगराच्या आसऱ्यानं ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. दोन्हीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना वाट देत आली. तिथे कुणाचं चालणं बंद झालेलं नाही. मागणं एवढंच असतं की चालताना कुणाच्या अंगणातून जातो आहोत याची जाणीव असावी. घरमालक ‘या, बसा’ म्हणतो म्हणून पाहुणा देवघरात जाऊन पाय पसरत नाही.

ही जाणीव अगदी साध्या गोष्टींत उतरते. गुहेत स्पीकर वाजवला की तो नुसता गोंगाट ठरत नाही, हिरासुकाच्या जागी ते अपमानासारखं असतं. शिवाय अशा कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात, ती वेगळीच. रानातून सरपण, पुढे मोहफुलं आणायला निघालेल्या बाया वाटेवर भेटल्या की गाडी त्यांच्या अंगावर धुरळा उडवत पुढे दामटायची नाही. टोळीतला सगळ्यांत हळू चालणारा पुढे ठेवायचा, म्हणजे कुणी मागे एकटा राहत नाही. अस्वलाच्या रानात दिवस मावळण्याआधी खाली उतरायचं, कारण संध्याकाळ त्यांची आहे. प्लास्टिक न्यायचंच नाही.

याहून मोठी गोष्ट सरकारदरबारी ठरते. पर्यटन वाढावं म्हणून पायऱ्या, कठडे, देखावा पाहण्यासाठी मनोरे यांच्या मागण्या होतात. यात्रेतल्या म्हाताऱ्या आईला पायऱ्या हव्याच असतील. मनोरा कुणाला हवा आहे? 2006च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपल्या रानाचा आणि सांस्कृतिक वारशाचा सांभाळ करण्याचा अधिकार दिला आहे. 2013 साली ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांकडे सोपवलं. डोंगरिया कोंध आणि इतर स्थानिक लोकांच्या बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ठिकाणी नकार मिळाला. डोंगर आमचा देव आहे, हे म्हणणं तिथे कायद्याच्या कामकाजात नोंदलं गेलं. मनोरा म्हणजे खाण नाही, हे मान्य. पण विचारायचं कुणाला, याचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे. कचारगडच्या माथ्यावर पुढचं जे काही बांधायचं असेल त्याचा नकाशा आधी धनेगावच्या ग्रामसभेत उलगडावा, आणि यात्रेला लांबून येणाऱ्यांचं म्हणणंही तिथे ऐकलं जावं. त्यांनी नको म्हटलं तर आपण चालणाऱ्यांनी त्या नकाराच्या बाजूनं उभं राहावं, मग आपला देखावा अर्धा राहिला तरी चालेल.