आधी बियाणे, मग भाकर



१ जानेवारीला ख्रिस्तसभा देवमाता पवित्र मरियेचा सण साजरा करते. १९६८ सालापासून हाच दिवस जागतिक शांतिदिन म्हणूनही पाळला जातो. म्हणजे वर्षाचे पहिले पाऊल आपण मातेचे बोट धरून टाकतो. मेंढपाळांकडून जे ऐकले ते मरियेने अंतःकरणात जपून ठेवले आणि त्यावर मनन केले, असे संत लूक सांगतो (लूक २:१९). काही ठरवण्यापूर्वी असे क्षणभर थांबणे आपल्यालाही गरजेचे आहे.

ठरवावे तर लागतेच. 'यंदा दारू सोडीन', 'यंदा रोज कुटुंबात प्रार्थना करू', 'यंदा पोरीची शाळा सुटू देणार नाही', असे संकल्प घरोघरी होतात. पण शिमगा येईपर्यंत त्यांतले किती शिल्लक राहतात? आपले मन दुबळे आहे, हे संकल्प मोडण्याचे एक कारण झाले. दुसरेही एक कारण आहे. ते समजून घ्यायला लांब जायला नको. आपल्या सुरगाण्यातल्या नागली पिकवणाऱ्या घरात डोकावले तरी पुरे.

नागली कापून घरात आली की घरातली जाणती बाई आधी काय करते? भरलेली, निरोगी कणसे निवडते, वाळवते आणि बियाणे म्हणून वेगळे ठेवते. बाकीचे धान्य कणगीत जाते, जात्यावर जाते, भाकरीला लागते. पुढे कणगीचा तळ दिसू लागतो. पोटाला चिमटा बसतो, शेजाऱ्याकडे पायली मागायची वेळ येते, तरी त्या बियाण्याला कोणी हात लावत नाही. 'खाऊन उरले तर बियाणे ठेवू' असे म्हणणाऱ्याकडे पेरणीच्या वेळी काहीच उरलेले नसते, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नाही.

बंधू-भगिनींनो, आपले संकल्प मोडतात, कारण ते आपण उरलेल्यातून करतो. कामातून वेळ उरला तर प्रार्थना, बाजार करून पैसा उरला तर मुलांच्या वह्या, राग उतरला तर भावाशी बोलणे. उरत काहीच नाही, आणि वर्ष संपते.

प्रभू येशूच्या शिकवणीत 'आधी' हा शब्द किती महत्त्वाचा आहे पाहा. आधी देवाचे राज्य मिळवण्यास झटा, बाकीचे तुम्हांला दिले जाईल, असे तो म्हणतो (मत्तय ६:३३). बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात, असेही तो सांगतो (लूक १४:२८-३०). संत थॉमस अक्वायनस यांनी हेच तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडले आहे: ध्येय मनात सर्वांत आधी येते आणि हाती सर्वांत शेवटी लागते. नागलीची भाकर ताटात यायला वर्ष लागते, पण ती आधी त्या बाजूला ठेवलेल्या कणसात असते.

इथे आपल्यापैकी काही जण मनात म्हणतील, 'फादर, ठरवायला मोकळा हात तरी हवा. आमचे वर्ष आमचे कुठे आहे?' हा प्रश्न खरा आहे. दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि गुजरातेत कामाला जातात. काहींनी लग्नासाठी किंवा दुखण्यासाठी आधीच उचल घेतलेली असते. पुढचे वर्ष हातात येण्यापूर्वीच विकले गेलेले असते. अशा माणसाने संकल्प कसला करायचा?

सारफथच्या विधवेची गोष्ट आठवा (१ राजे १७). तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडे तेल होते. ते स्वतःसाठी आणि मुलासाठी भाजून खायचे आणि मग मरणाची वाट पाहायची, एवढेच तिच्यापुढे उरले होते. एलिया संदेष्टा तिला म्हणाला, आधी माझ्यासाठी एक लहान भाकर कर. तिने त्या मुठीतूनच आधी बाजूला काढले, आणि देवाने तिचे मडके रिते होऊ दिले नाही. देव आपल्याकडे कणगी मागत नाही. मुठीतले मागतो, पण आधी मागतो. उचल फेडणाऱ्या बापालाही एवढे ठरवता येते की, 'यंदा मुलगी माझ्याबरोबर बागेत येणार नाही. ती आजीजवळ राहील, नाहीतर आश्रमशाळेत राहील, पण तिची परीक्षा चुकणार नाही.' आणि जे गावातच राहतात त्यांना ठरवता येते की, 'शेजाऱ्याचे लेकरू माझ्या चुलीवर जेवेल.' एका घराला जे झेपत नाही ते दोन घरांना झेपते. ख्रिस्तसभा म्हणजे तरी दुसरे काय?

ध्येयाकडे कसे चालायचे हे आपल्या भागाने एकदा साऱ्या महाराष्ट्राला दाखवले आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये सुरगाणा तालुक्यातले कितीतरी आदिवासी बंधू-भगिनी होते. ६ तारखेला निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला ते मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही त्यांची मोठी मागणी होती. त्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो, एक गोष्ट विसरता येणार नाही. मुंबईत दहावीची परीक्षा होती. मुलांना त्रास होऊ नये म्हणून दिवसभर चालून थकलेले, पायाला फोड आलेले हे लोक सायनहून रात्रीच पुढे चालत निघाले. ध्येय एकच, रोजची वाटचाल ठरलेली, आणि आपल्या ध्येयापायी दुसऱ्याच्या लेकराचे नुकसान होऊ द्यायचे नाही. आपला संकल्प या कसोटीला उतरतो का? माझ्या ध्येयासाठी घरातले दुसरे कोणी भरडले जात असेल, तर ते ध्येय देवाचे नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करावे? संत इग्नेशियस लोयोला यांचे अध्यात्मसाधनेचे पुस्तक १५४८ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक साधी रीत सांगितली आहे. एका वेळी एकच दोष घ्यावा. सकाळी उठताच त्याविषयी निश्चय करावा. दुपारी आणि रात्री आपण कितीदा चुकलो ते आठवून रेघेवर तितके ठिपके द्यावेत. मग कालच्या रेघेशी आजची आणि गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहावा. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाची खूण चालेल. दहा संकल्प नकोत, एक पुरे.

आणि पेरण्यापूर्वी राब भाजायला विसरू नका. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून आपण जमीन भाजतो. तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. जुने वैर, लपवलेले पाप तसेच ठेवून त्यावर नवा संकल्प पेरला तर आधी तणच वर येईल. म्हणून या महिन्यात प्रायश्चित्त संस्कार घ्या. देवाच्या क्षमेने जुन्या पापाचीही राख होते, आणि त्या राखेत नवे रोप धरते.

एवढे करूनही पाऊस आपल्या हातात नाही. उद्या काय होईल हे ठाऊक नसताना मोठमोठे बेत करणाऱ्यांना संत याकोब सांगतो की, प्रभूची इच्छा असेल तर आपण हे करू, असे म्हणा (याकोब ४:१५). याकोब बेत करू नका असे म्हणत नाही, बेत देवाच्या हाती द्या म्हणतो. एखाद्याचा संकल्प फेब्रुवारीतच मोडला तर त्याने अंजिराच्या झाडाचा दाखला वाचावा (लूक १३:६-९). तीन वर्षे फळ नाही, मालक तोडायला निघाला, तेव्हा माळी म्हणाला, एवढे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. नवे वर्ष म्हणजे त्या माळ्याने आपल्यासाठी मागून घेतलेली मुदत आहे, आणि कुदळ त्याच्याही हातात आहे.

आज रात्री जेवणापूर्वी घरातल्या सर्वांनी पाच मिनिटे एकत्र बसावे. प्रत्येकाने एकच गोष्ट ठरवावी आणि ती मोठ्याने सांगावी. शिमग्याला, आखातीला, नागलीच्या आवणीला आणि दिवाळीला पुन्हा असेच बसून विचारावे: बियाणे शाबूत आहे का?

हे प्रभू, आमच्या मुठीत जे आहे त्यातून तुझा वाटा आधी बाजूला काढण्याचे धैर्य आम्हांला दे. जे बाहेरगावी कष्ट करीत आहेत त्यांना सांभाळ, आणि त्यांच्या लेकरांना आमच्या घरात जागा दे. देवमाता मरिये, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.