परक्या घरची ठेव

पुष्कळांच्या श्रमांतून उभी राहिलेली वस्तू जीर्ण झाली म्हणजे तिचे काय करावे, हा प्रश्न वरकरणी खर्चाचा दिसतो. डागडुजीला किती, नव्याला किती, एवढा हिशेब मांडला की आपण निर्धास्त होतो. परंतु त्या हिशेबाच्या आधी एक नैतिक प्रश्न उभा असतो आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. या वस्तूमधील नेमके काय राखावयाचे आहे, आणि ते राखण्याचे ओझे कोणी वाहावयाचे?

उदाहरण आजच्या काळातलेच घेऊ. विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तेव्हा त्याला स्वतःचे घर नव्हते. जिमी वेल्स यांच्या बोमिस नामक व्यापारी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे लेखन साठवून मागेल त्याला ते पुरविणाऱ्या यंत्रावर, त्याची वस्ती होती. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा; पुढच्याच महिन्यात विकिमीडिया प्रतिष्ठान स्थापन होऊन ही सारी ठेव एका न्यासाच्या हाती आली. वाचकसंख्या फुगली तशी यंत्रे अपुरी पडू लागली आणि त्या वर्षाच्या अखेरीस नव्या सर्व्हरांसाठी लोकांपुढे झोळी पसरावी लागली. पुढे जानेवारी २०१३ मध्ये वादळवाऱ्याच्या फ्लोरिडातील टँपा येथून मुख्य कारभार व्हर्जिनियातील ॲशबर्नला हलविण्यात आला. कोंकणी विकिपीडिया २०१५ साली निघाला, त्याने ते जुने घर पाहिलेदेखील नाही.

आता विचारावेसे वाटते की, पहिल्या यंत्राचा एक स्क्रूही शिल्लक नसता हा तोच कोश कसा? मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला दिव्याचा दृष्टान्त देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नव्हे. पण भिन्नही म्हणता येत नाहीत, कारण एकीच्या आधारे दुसरी अखंड उजळत गेली. सर्व्हर बदलणाऱ्यांना हा दृष्टान्त ठाऊक असो वा नसो, त्यांची रीत हुबेहूब हीच आहे. जुने यंत्र चालू असतानाच त्यावरील प्रत्येक फेरफार नव्यावर उतरवीत राहावयाचे, दोन्ही समान झाली की काही मिनिटे लेखन थांबवून वाचन तेवढे चालू ठेवावयाचे, आणि मग कारभार नव्याकडे सोपवावयाचा. एप्रिल २०१६ मध्ये विकिमीडियाने असा कारभार ॲशबर्नहून टेक्ससमधील डलास परिसरात नेला आणि दोन दिवसांनी परत आणला, केवळ नेता येतो की नाही हे पाहण्यासाठी. अलीकडे हे स्थलांतर वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या सुमारास, नेमाने केले जाते. संकट येण्यापूर्वीच घर सोडण्याचा सराव करणारे यजमान आपल्याकडे किती सापडतील, कोण जाणे!

यजमानपणाचा प्रश्न मात्र ज्योतीच्या दृष्टान्ताने सुटत नाही, आणि मला तोच अधिक गंभीर वाटतो. जागा फुकट देणाऱ्याचे उपकार मानावेत हे खरेच. पण ज्याने भाडे मागितले नाही त्याला नोटिसही द्यावीशी वाटेलच असे नाही. जिओसिटीज येथे लक्षावधी साध्या माणसांनी आपापली पाने विनामूल्य थाटली होती. मालक असलेल्या याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये ते दालन बंद केले. सूचना रीतसर दिली होती. परंतु ज्यांचे पत्ते बदलले, ज्यांना सवड नव्हती, जे हयातच नव्हते, त्यांच्या पानांसाठी काही तिऱ्हाइतांनीच धावपळ करून जमेल तेवढे वाचविले. मालकाने कायदा मोडला नाही. तरीही तेथे काहीतरी मोडले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

विकिपीडियाने यावर जो उपाय योजिला तो यजमानाच्या सज्जनतेवर विसंबत नाही. कोशातील लेखन कोणीही घ्यावे, नामनिर्देश करून व त्याच अटींवर पुढे वाटावे, असा त्याचा परवाना आहे. सबंध मजकुराच्या प्रती ठरावीक काळाने कोणासही उतरवून घेता येतात. उद्या न्यास बिघडला तर ठेव उचलून दुसरीकडे मांडता येते. निघून जाण्याची मोकळीक असेल तरच राहणे हे स्वेच्छेचे ठरते. लग्न, चाकरी, सभासदत्व यांनाही हे लागू आहे. पण तो विषय येथे नको.

इतके झाले तरी किल्ली कोणातरी एका माणसाच्या कनवटीला असते. माझ्या परिचयाच्या एका छोट्या वाचनालयाची सूची, जुन्या नियतकालिकांच्या छायाप्रतींसह, एका निवृत्त शिक्षकांच्या घरातील संगणकावर आहे. अकरा वर्षे वीजबिल तेच भरतात. नवे यंत्र घेण्याचा विषय बैठकीत निघाला तेव्हा चर्चा किमतीवरच झाली. शिक्षक गप्प बसले होते. बैठक मोडल्यावर त्यांनी मला जिन्यात थांबविले, खिशातून सांकेतिक शब्द लिहिलेला चिठोरा काढला आणि म्हणाले, “तुमच्याकडे एक असू द्या. पुढच्या महिन्यात माझे डोळ्याचे ऑपरेशन आहे.”